गोडदेवची नोंदवही कोण वाचणार?

भाईंदर पूर्वेच्या गोडदेवमध्ये राहणारा एखादा मनुष्य ऑगस्ट महिन्यात तापाने आजारी पडला, असे समजा. पहिले चार दिवस तो नाक्यावरच्या डॉक्टरांचे औषध घेतो. ताप उतरत नाही म्हणून रक्त तपासायला देतो, ते मीरा रोडच्या एखाद्या खासगी प्रयोगशाळेत. प्लेटलेट घसरल्याचे कळताच घरचे लोक घाबरून त्याला दहिसरचा नाका ओलांडून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेतात आणि दुर्दैवाने तेथेच त्याचा अंत होतो. जन्म किंवा मृत्यू जेथे घडला तेथेच तो नोंदवावा, असा १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा दंडक आहे. त्यानुसार हा मृत्यू मुंबई महानगरपालिकेच्या दप्तरात जमा होतो. ताप आला तो गोडदेवमध्ये. डास चावला असेल तर तोही बहुधा गोडदेवमध्येच. ज्या पिंपात तो डास वाढला ते पिंप अजूनही त्याच चाळीच्या जिन्याखाली उभे असते. मीरा-भाईंदरच्या मृत्युनोंदीत मात्र या सगळ्याची एक ओळही उमटत नाही. कागदावर गोडदेव निरोगी राहते.

यात कोणी लबाडी केलेली नसते. डॉक्टरांनी आपले काम केले, रुग्णालयाने आपले केले, नोंदणी कारकुनानेही केले. कायद्याचे चुकले असेही म्हणवत नाही. घटना घडली तेथे ती नोंदविणे सोयीचे असते आणि पुराव्याच्या दृष्टीने ते सुरक्षितही असते. चूक आहे ती त्यापुढची. नोंद झाल्यानंतर तिने घरी परत यावे, तो माणूस ज्या वस्तीतला होता त्या वस्तीच्या आरोग्य खात्यापर्यंत आठवडाभरात पोहोचावे, ही जबाबदारी ठामपणे कोणाच्याच शिरावर नाही. रोग सर्वेक्षणाच्या नव्या संगणकीय पद्धतीत रुग्णाचा पत्ता विचारला जातो आणि रुग्ण ज्या जिल्ह्यातला त्या जिल्ह्याला तो दिसावा अशी सोयही आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती सोय सुरू होते ती नोंद करणाऱ्या रुग्णालयापासून. नाक्यावरचा दवाखाना त्या जाळ्यात नसेल तर पहिल्या चार दिवसांचा पत्ता कोणालाच लागत नाही. आणि साथ आवरायची तर तेच चार दिवस मोलाचे असतात.

मीरा-भाईंदरमध्ये ही अडचण विशेष जाचक होण्याचे कारण त्या शहराच्या घडणीत आहे. मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळी वस्तीची गावे असलेला हा पट्टा १९८५ पर्यंत ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली होता. त्या साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत जेथे पावणेदोन लाख माणसे मोजली गेली तेथे २००१ मध्ये पाच लाख वीस हजार भरली आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार. दहा वर्षांत तिप्पट होणाऱ्या गावाचे दप्तर त्याच वेगाने वाढत नसते. गोडदेव, नवघर, खारीगाव ही नावे अजून गावांची असली तरी त्यांच्याभोवती चाळी उठल्या, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आले आणि मग इमारती. जिल्ह्याचे ठिकाण ठाणे, पोटापाण्याचे ठिकाण मुंबई, आणि खाडीपलीकडची वसई २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. सकाळच्या लोकलने बाहेर पडून रात्री परतणाऱ्या या शहराचे आजारपण तीन जिल्ह्यांच्या आणि तितक्याच महानगरपालिकांच्या वह्यांत विखुरलेले असते.

त्यात माणसे किती हेच निश्चित नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. म्हणजे दीड दशक सारे हिशेब २०११ च्या आकड्यावर अंदाजाची कलमे बांधून चालले. मुलांच्या लसीकरणाचे प्रमाण काढायचे तर छेदस्थानी किती बालके धरायची? अंदाज कमी धरला तर शंभरातल्या एकशे दहा मुलांना लस मिळाल्याचे दिसू लागते. तसले आकडे आरोग्य खात्यातील कोणाही कारकुनाला अपरिचित नाहीत. त्यावर हसून पुढे जाण्याची प्रथा आहे. परंतु त्या एकशे दहा टक्क्यांच्या आड कोठल्या तरी चाळीतील लस न मिळालेली मुले सुखाने लपून राहतात आणि गोवर आला म्हणजेच ती सापडतात.

अशा वेळी सरकारी उत्तर ठरलेले असते: संगणक आणा, संकेतस्थळ उभारा, मोबाईलमध्ये ॲप घाला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे उत्तर अनेकदा देऊन झाले आहे. आरोग्य व्यवस्थापनाची माहिती गोळा करणारी केंद्राची पद्धत २००८ मध्ये सुरू झाली. क्षयरोग्यांसाठी ‘नि-क्षय’ २०१२ मध्ये आले. १८ ऐवजी ३३ रोगांवर नजर ठेवणारे एकात्मिक आरोग्य माहिती व्यासपीठ एप्रिल २०२१ मध्ये देशभर लागू झाले. माता व बालकांची नोंद वेगळी, लसीकरणाचे ‘यू-विन’ वेगळे, मधुमेह-रक्तदाबाची नोंद वेगळी, आणि सप्टेंबर २०२१ पासून प्रत्येक नागरिकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक देण्याचा उपक्रम आणखी वेगळा. यांतील प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा शहाण्या माणसाने विचार करूनच काढली आहे. तक्रार आहे ती एवढीच की या साऱ्या नद्या एकाच दिशेने वाहतात. वस्तीतून वॉर्डात, तेथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला आणि मग दिल्लीला. उलट दिशेने पाणी येण्याचा पाट कोणी खणलेला नाही.

हे काही संगणकामुळे झालेले नाही. कागदी नमुन्यांच्या काळातही तसेच होते आणि तो नमुना एकदा डोळ्यांखालून घालण्याजोगा आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदणी अर्जाचे दोन भाग असत, एक कायदेशीर आणि दुसरा सांख्यिकी. पहिल्यात नाव, तारीख, स्थळ, पत्ता. दुसऱ्यात मृत व्यक्तीच्या वास्तव्याचे गाव, व्यवसाय, कोणत्या प्रकारचे उपचार मिळाले, मृत्यूचे कारण काय, स्त्री असेल तर ती गरोदर होती काय, तंबाखूची सवय होती काय, असा सारा तपशील. पहिला भाग निबंधकाच्या वहीत बांधला जाई. दुसरा भाग फाडून वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविला जाई. ज्यातून गावाने आपल्या आरोग्याविषयी काही शिकावे तो भाग गावाबाहेर जायचा आणि ज्यातून दाखला द्यायचा तेवढा भाग गावात राहायचा! स्थानिक संस्थेचे काम दाखले देण्याचे आणि विचार करण्याचे काम वरच्यांचे, ही समजूत त्या फाडण्याच्या रेषेतच छापलेली होती. आज अर्ज संगणकावर भरला जातो. ती रेषा दिसत नाही इतकेच.

वास्तविक सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र ज्या घटनेपासून सुरू झाले असे मानतात ती घटना अगदी उलट सांगते. १८५४ च्या सप्टेंबरात लंडनच्या सोहो भागात पटकीने माणसे मरू लागली, तेव्हा डॉ. जॉन स्नो याने सरकारी निबंधक कार्यालयाकडून त्या आठवड्यातील ८३ मृत्यूंची यादी मिळविली. यादीत पत्ते होते. ते घेऊन तो घरोघर गेला आणि बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आसपासचे आहेत हे त्याच्या ध्यानी आले. त्याने ही गोष्ट तेथल्या स्थानिक मंडळापुढे मांडली आणि ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट शाळेतही सांगतात, परंतु तिच्यातील डॉक्टरच तेवढा लक्षात राहतो. विल्यम फार या अधिकाऱ्याने मृत्यूची नोंद पत्त्यासकट आणि दर आठवड्याला करण्याची शिस्त आधी लावली नसती, किंवा ती यादी मागणाऱ्याला वरिष्ठांची परवानगी आणा असे सांगितले असते, तर स्नोची बुद्धी कोठे पोहोचणार होती? दांडा काढणारेही पार्लमेंट नव्हते. त्या पेठेचे मंडळ होते.

मुंबईला तर यासाठी लंडनकडेही पाहावयास नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ही प्लेगची साथ आहे हे ओळखले. ते महापालिकेच्या स्थायी समितीचे सदस्य होते. त्यांनी ही गोष्ट समितीतच उघड केली. साथ नाकारण्याकडे कल असलेल्या शहराला ते रुचणारे नव्हते. पण रोग ओळखणारा डॉक्टर आणि निर्णय घेणारी सभा यांच्यामध्ये त्या दिवशी एकही कार्यालय आडवे नव्हते. मेट्रो सिनेमासमोर व्हिएगस यांचा पुतळा आहे. तेथून रोज हजारो माणसे जातात. त्याच प्लेगने दुसराही धडा शिकविला. रोग्याला घरातून उचलून नेतील, वस्ती रिकामी करतील, या धास्तीने लोकांनी रोगी लपविले, मृत्यूची कारणे बदलून सांगितली आणि लाखोंनी शहर सोडले. नोंद करणाराच छळणारा ठरला की नोंदी खोट्या होतात. हे त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उशिरा कळले.

आजच्या मृत्युनोंदीतील सर्वांत दुबळा रकाना कोणता असे विचारले तर तो ‘कारण’ हा होय. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी रीतसर कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० मध्ये साडेबावीस टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे पाचांतील एकाहून थोडेसे अधिक. आणि जेथे कारण लिहिले जाते तेथेही ते पुष्कळदा ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे असते. मृत्यू म्हणजे हृदय आणि श्वसन बंद पडणेच. ते का बंद पडले, हे सांगायला तो रकाना आहे. डेंग्यू, क्षय, मधुमेह, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे सारे त्या एका वाक्यात विरघळून जातात. डॉक्टरांनाही सरसकट दोष देता येत नाही. रात्री दोन वाजता पाळीवर असलेला शिकाऊ डॉक्टर, बाहेर शववाहिनीची वाट पाहणारे नातेवाईक, आणि हा नमुना कसा भरावा याचे शिक्षण जेमतेम एका तासिकेचे. २०२३ च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला आहे. रुग्णालयाने मृत्यूचे कारण निबंधकाला कळवावे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाईकालाही द्यावी, असे आता बंधन आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. तथापि निबंधकाकडे आलेले कारण वाचून ‘हे कारण नव्हे, पुन्हा लिहा’ असे सांगणारा वैद्यकीय जाणकार महापालिकेत नेमलेला नसेल, तर कडक कायद्याने नमुने फक्त वेळेवर भरले जातील.

या रकान्याला किती किंमत आहे हे महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांना कोविडच्या काळात कळले. १६ जून २०२० रोजी राज्य सरकारने आपल्या मृत्युसंख्येत एकाच दिवशी १,३२८ जुन्या मृत्यूंची भर घातली. त्यांतील ८६२ मुंबईचे होते आणि उरलेले राज्याच्या इतर भागांतले. ही माणसे त्या दिवशी मेलेली नव्हती. रुग्णालयाची यादी, प्रयोगशाळेची यादी आणि महापालिकेची यादी यांचा ताळमेळ लागायचा राहिला होता. सरकारने तो लावला आणि जाहीरही केला, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुन्हा अशीच मागील भर घालावी लागली. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये देण्याचे २०२१ मध्ये ठरले, आणि मग दाखल्यावर कोविड लिहिले आहे की नाही याला एकाएकी महत्त्व आले. दाखल्यात तसा उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारू नका, असे न्यायालयाला बजावावे लागले. महाराष्ट्रात तर अधिकृत मृत्युसंख्येहूनही अधिक अर्ज आले. त्यातील काही अर्ज चुकीचे असतील, काही दुबार असतील. परंतु एका बाजूला सरकारचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला विधवांची रांग, आणि रांग आकड्याहून लांब, हे दृश्य कोणत्याही आरोग्य खात्याला भूषणावह नव्हते.

परदेशांत सारे आलबेल होते असे मानण्याचे कारण नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या यादीतून १५,८४१ बाधितांची नावे आठवडाभर गळाली. कारण काय, तर प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलमधील ओळी संपल्या! सुमारे पासष्ट हजार ओळींनंतर ती फाइल काही घेत नाही आणि तक्रारही करीत नाही. या बाधितांच्या संपर्कात आलेले लोक त्या दिवसांत मोकळे हिंडत होते. कचेरीत एक्सेलवर पगारपत्रके करणाऱ्या आपल्याकडच्या कोणाही लिपिकाने ही शंका आधी काढली असती. अमेरिकेत प्रयोगशाळांचे निकाल परगण्यांच्या आरोग्य कार्यालयांत फॅक्सने येऊन जमिनीवर पसरत होते. तेथेही आकडेवारीच्या आधुनिकीकरणासाठी मोठा पैसा बाजूला काढावा लागला. संपन्न देशांचीही नड तीच होती. वरचे मजले चकचकीत बांधले होते, जोते भिजलेले होते.

आपल्याकडे हे जोते म्हणजे परिचारिका, आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका. परिचारिका एका गरोदर स्त्रीची नोंद आधी वहीत करते, कारण वही तपासायला साहेब येतात. मग तीच नोंद ती एका संकेतस्थळावर करते, बाळ झाले की दुसऱ्यावर, महिनाअखेरीस बेरजा तिसऱ्यावर. प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा. वीज आणि रेंज यांची मर्जी सांभाळून हे सारे व्हायचे. मग घरभेटींना वेळ कोठून राहणार? २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन निकृष्ट होते आणि पोषण आहाराची माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत होते. मराठी राज्यात, मराठी मातांची नोंद मराठी सेविकेने इंग्रजीत करावी, हे ज्या कोणाला सुचले त्याने ते ॲप कोणासाठी केले हे सांगण्याची गरज नाही. सेविका यंत्राला घाबरतात, असा एक सोयीचा समज त्या वेळी पसरविला गेला. याच स्त्रिया घरी त्याच आकाराच्या फोनवर पैसे पाठवितात, मुलांचे प्रवेशअर्ज भरतात. त्यांचा राग यंत्रावर नव्हता. यंत्र त्यांच्याकडून घेते आणि त्यांना काही देत नाही, यावर होता.

याहून खोल असे एक दुखणे आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आदिवासी, ग्रामीण आणि शहरी झोपडवस्तीतील बालमृत्यू स्वतः मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदीच्या कितीतरी पट आहेत, असे त्यातून निघाले. सरकारला पुढे बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. मृत्यू का नोंदले जात नव्हते, या प्रश्नाचे उत्तर अहवालाच्या आकड्यांइतकेच बोलके आहे. ज्या कर्मचाऱ्याच्या भागात मृत्यू जास्त, त्याच्यावर बैठकीत आगपाखड होई. मग शहाणा कर्मचारी मृत्यू कशाला लिहील? जन्मलेले बाळ दोन दिवसांत गेले तर जन्मही लिहायचा नाही आणि मृत्यूही नाही, हिशेब जुळतो. गडचिरोलीत ज्यांनी खरे मृत्यू मोजले त्यांनी पुढे गावातीलच बायकांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकविले आणि ते मृत्यू कमी करून दाखविले. त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला होता. मोजणारा आणि उपाय करणारा एकच असला की लपविण्याचे प्रयोजन उरत नाही. वरून विचारणा करणारा एक आणि खाली उत्तर देणारा दुसरा असला की उत्तर विचारणाऱ्याला आवडेल तसे तयार होते, मग ते शाईने लिहा वा काचेवर बोट फिरवून. खोटी नोंद संगणक अधिक वेगाने दिल्लीला पोहोचवितो, एवढाच फरक.

शिक्षकांना याचा अनुभव वेगळ्या वाटेने आलेला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत ते आशा स्वयंसेविकांबरोबर दारोदार हिंडले, तापमान आणि प्राणवायूची पातळी मोजली, घरात कोणाला मधुमेह आहे, कोणाला रक्तदाब आहे ते लिहून घेतले. इतकी मोठी घरपाहणी राज्यात क्वचितच झाली असेल. त्यातून आपल्या वॉर्डाविषयी काय निष्पन्न झाले, हे विचारण्याचा अधिकार त्या शिक्षकांना आहे. गोडदेवच्या गल्ल्यांतून फिरलेल्या माणसाला गोडदेवमध्ये रक्तदाबाचे किती रुग्ण आढळले हे सांगायला हरकत कोणती असावी? नावे नकोत, आकडा पुरे.

नावांचा प्रश्न नाजूक आहे आणि तो हातावेगळा करून चालणार नाही. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. २०१८ मध्ये तर ती न करणाऱ्याला शिक्षेचा धाक घातला गेला. तरीही रुग्ण आणि डॉक्टर दोघेही कचरतात. क्षय झाल्याचे चाळीत कळले तर खोली जाईल, मुलीचे लग्न मोडेल, कारखान्यातले काम सुटेल, ही भीती काल्पनिक नाही. महापालिकेचा माणूस गणवेशात दारात उभा राहिला तरी शेजाऱ्यांना पुरे होते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला हे ठीकच; पण गोडदेवमधील रुग्णाला त्या कायद्याची कलमे ठाऊक असण्याची गरज नाही. आपली चिठ्ठी कोणाच्या टेबलावर जाते आणि तेथून ती पुढे कोणाला दिसते, हे त्याला साध्या मराठीत आणि हिंदीतही सांगितले गेले पाहिजे. १८९६ च्या मुंबईकराने रोगी लपविला तो अडाणीपणाने लपविला असे म्हणण्याची पद्धत आहे. त्याचा अनुभव पाहता तो तितका अडाणी नव्हता.

मग महापालिकेने करावे काय? सगळे दिल्लीवर टाकता येते, तसे काही गोष्टी येथल्या येथे करताही येतात. मुंबई आणि वसई-विरार या दोन शेजारी महापालिकांशी बोलून, मीरा-भाईंदरच्या रहिवाशांचे तेथे घडलेले मृत्यू दर आठवड्याला परत मागविण्याची व्यवस्था ही त्यांतील पहिली आणि सर्वांत स्वस्त. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. मृताचा पत्ता नोंदीत असतोच. लागतो तो करार आणि दर सोमवारी त्याची आठवण देणारा एक लिपिक. त्याखालोखाल नाक्यानाक्यावरचे दवाखाने आणि खासगी प्रयोगशाळा. १९४९ च्या कायद्याखाली शुश्रूषागृहांची नोंदणी महापालिकेकडेच होते, पण खाटा नसलेला दवाखाना त्यात येत नाही आणि गोडदेवचा ताप पहिल्यांदा दिसतो तो तेथेच. या डॉक्टरांवर बडगा उगारून माहिती मिळणार नाही. त्यांनी आठवड्यातून एकदा तापाचे किती रुग्ण पाहिले एवढे कळवावे आणि महापालिकेने त्यांना, तुमच्या भोवतालच्या वस्तीत काय चालले आहे, हे उलट टपाली सांगावे. डॉक्टरला आपल्या भागात डेंग्यू वाढतो आहे हे वेळेवर कळले तर त्याचाही फायदा आहे. अशी देवाणघेवाण झाली तर पुढल्या आठवड्यात तो आपणहून फोन करील.

परिचारिकेने एकदा लिहिलेले दुसऱ्यांदा लिहू नये, हे सांगायला सोपे आणि करायला कठीण. केंद्राची संकेतस्थळे एकमेकांशी बोलू लागेपर्यंत ते महापालिकेच्या हाती पूर्णपणे नाही. वहीचा आग्रह मात्र तिच्या हाती आहे. संगणकात नोंद झाली असेल तर वही मागणार नाही, असा लेखी आदेश एखाद्या आयुक्ताने काढला तर परिचारिकांच्या दिवसातील कित्येक तास मोकळे होतील. वही मागणाऱ्या साहेबांची थोडी पंचाईत होईल खरी. त्यांना पडद्यावर वाचायला शिकावे लागेल.

आणि जमलेले आकडे वाचणारा माणूस हवा. प्रत्येक प्रकल्पात यंत्रांसाठी तरतूद असते, भरणाऱ्यासाठी मानधनावरचा ‘डाटा एंट्री’ करणारा असतो. वाचणाऱ्यासाठी कायम पद क्वचितच असते. कंत्राटी मुलगा अकरा महिन्यांनी जातो आणि त्याच्याबरोबर परवलीचे शब्दही जातात. साथरोगशास्त्र शिकलेला एक वैद्यकीय अधिकारी आणि आकडेशास्त्राचा एक पदवीधर, दोघेही कायम नोकरीत, एवढा खर्च आठ लाखांहून मोठ्या शहराला झेपण्यासारखा आहे. शहराच्या एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाशी त्याची तुलना करून पाहायला हरकत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मीरा-भाईंदरला निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासकाच्या हाती कारभार होता. त्या काळात वॉर्डातील मृत्यू कशाने झाले हे सभेत विचारायला कोणी नव्हते आणि प्रशासकाने ते आपणहून सांगावे असा नियम नव्हता. आता नगरसेवक आहेत. दर पंधरवड्याला कोणत्या प्रभागात तापाचे किती रुग्ण आढळले, किती बालके लसीवाचून राहिली, किती मृत्यू कोणत्या कारणाने झाले आणि त्यांतले किती शहराबाहेर नोंदले गेले, हे चार आकडे सभागृहाच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला ठेवण्याचा ठराव करण्यास राज्य सरकारची परवानगी लागत नाही. तेच पत्रक प्रभाग कार्यालयाच्या आणि शाळेच्या फलकावर मराठीत लावता येईल. गोडदेवच्या ओळीत एखाद्या पंधरवड्यात तापाचा आकडा दुप्पट झालेला दिसला, तर जिन्याखालचे पिंप कोणी उपडे करायचे हे विचारण्यासाठी नागरिकांना दिल्लीपर्यंत जावे लागणार नाही.